क्लोव्हरचे शेत आणि बंबलमाशी

फूल उमलले की आपले लक्ष त्याच्या रंगाकडे आणि सुवासाकडे जाते. परंतु वनस्पतीच्या दृष्टीने फूल हे बीज धरण्याचे साधन होय. एका फुलातील पराग दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोहोचल्यावाचून पुष्कळ वनस्पतींना बीज धरता येत नाही. वनस्पती तर एका जागी खिळलेली! म्हणून परागांची ने-आण करण्यासाठी तिला निरोप्या लागतो आणि फुलातील मध ही त्या निरोप्याची मजुरी असते. मात्र कोणताही निरोप्या कोणत्याही फुलाला चालत नाही. ही गोष्ट न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांना मोठी किंमत मोजून शिकावी लागली.

न्यूझीलंड हा दक्षिण गोलार्धातील बेटांचा देश. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातून पुष्कळ लोक तेथे जाऊन स्थायिक झाले. त्यांनी आपल्याबरोबर गुरे, मेंढ्या आणि त्यांच्या चाऱ्यासाठी तांबड्या क्लोव्हरचे बी नेले. क्लोव्हर ही मेथीच्या कुळातील वनस्पती. मेथीप्रमाणेच तिचे पान तीन दलांचे असते. तिच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीचा कसही वाढतो. नव्या भूमीत क्लोव्हर जोमाने वाढले. गुलाबी गोंड्यांनी शेते भरून गेली. पण सुकलेला गोंडा हातावर चोळून पाहावा, तो आत बीज अगदी थोडे! पेरणीसाठी हजारो मैलांवरून, थेट इंग्लंडातून, बी विकत आणावे लागे. जमीन चांगली, पाऊस पुरेसा, पीक निरोगी. मग उणे कशाचे होते?

उणे होते एका कीटकाचे. क्लोव्हरचा गोंडा म्हणजे अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. त्यातील प्रत्येक फूल सुमारे ९ ते १० मिलिमीटर लांबीच्या अरुंद नळीसारखे असून मध त्या नळीच्या तळाशी असतो. मधमाश्या न्यूझीलंडमध्ये १८३९ सालीच नेलेल्या होत्या. परंतु मधमाशीची जीभ साधारण ६ ते ७ मिलिमीटर लांब. करकोच्याच्या घरी सुरईतील खीर पाहून कोल्ह्याची जी गत झाली, तीच येथे मधमाशीची होई. मजुरी हाती येईना, तेथे मजूर कशाला थांबेल?

इंग्लंडात हे काम बंबलमाशी करीत असे. तांबड्या क्लोव्हरवर बंबलमाश्याच येतात, असे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले होते. ही मधमाशीच्याच कुळातील. पण अंगाने थोराड, गुबगुबीत आणि दाट केसांनी झाकलेली. लाकूड पोखरणारा आपल्याकडचा काळा भुंगा निराळा. भारतात बंबलमाश्या मुख्यतः हिमालयाच्या थंड प्रदेशात आढळतात. बंबलमाशीच्या काही जातींची जीभ १२ मिलिमीटरांहूनही लांब असते. नळीत जीभ घालताना माशीचा भार पाकळ्यांवर पडतो. पाकळ्या दबतात आणि आत दडलेले पुंकेसर व कुक्षी बाहेर येऊन तिच्या केसाळ अंगाला भिडतात. आधीच्या फुलावरून आणलेले पराग कुक्षीवर उतरतात आणि नवे पराग केसांत अडकतात.

तिचे दोन गुण तर विशेष उपयोगी पडतात. गारठ्यात मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाही, तेव्हाही बंबलमाशी उडण्याचे स्नायू थरथरवून अंगात ऊब आणते आणि कामाला लागते. दुसरे असे की, एका जातीच्या फुलांत भरपूर मध आहे हे कळले, म्हणजे ती बहुधा त्याच जातीच्या फुलांवर फिरत राहते. त्यामुळे क्लोव्हरचे पराग क्लोव्हरलाच मिळतात.

तेव्हा बंबलमाश्याच न्यूझीलंडला नेण्याचे ठरले. पण प्रवास समुद्राचा, अनेक आठवड्यांचा आणि उष्ण कटिबंधातून जाणारा. आरंभीचे प्रयत्न फसले. पुढे आगबोटींवर शीतगृहे आली. हिवाळ्यात राणीमाशी जमिनीत निद्रिस्त पडून असते. अशाच स्थितीत राण्यांना थंड जागी ठेवून पाठविण्यात आले. १८८५ सालच्या आरंभी सुमारे ९० राण्या जिवंत पोहोचल्या आणि कँटरबरी प्रांतात सोडल्या गेल्या. थोड्याच वर्षांत त्यांची प्रजा वाढली आणि क्लोव्हरच्या गोंड्यांत बीज भरू लागले.

तथापि आलेल्या सर्वच माश्या लांब जिभेच्या नव्हत्या. त्यांतील आखूड जिभेची एक जात फुलाच्या बुडाशी जबड्याने भोक पाडून बाहेरूनच मध चोखते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! तिचे अंग परागांना लागत नाही. मध मात्र जातो. माशी फुलावर उपकार करण्यासाठी येत नाही; ती स्वतःसाठी आणि पिलांसाठी अन्न शोधते. तिची जीभ आणि फुलाची नळी यांचा मेळ बसला, म्हणजेच तिच्या पोटाच्या उद्योगातून फुलाचेही कार्य साधते.

न्यूझीलंडमध्ये चार जाती स्थिरावल्या. त्यांपैकी एक आखूड केसांची, पण लांब जिभेची आहे. विसाव्या शतकात इंग्लंडातील फुलांनी भरलेली कुरणे मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली आणि या माशीचे अन्न तुटले. १९८८ नंतर ती तेथे दिसली नाही. २००० साली ती ब्रिटनमधून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. दूरच्या न्यूझीलंडमध्ये मात्र तिचे वंशज टिकून राहिले. ज्या देशाने ती दुसऱ्याला दिली, तोच देश तिला मुकला! एके ठिकाणी माशीवाचून बीज धरेना, दुसऱ्या ठिकाणी फुलांवाचून माशी जगेना. बांधावरची रानफुले निरुपयोगी समजून उपटणाऱ्याने या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

शब्दार्थ
कुक्षी – पराग ग्रहण करणारा फुलाचा भाग. निरोप्या – निरोप पोहोचविणारा. थोराड – मोठ्या बांध्याचा. मुकणे – गमावून बसणे.

स्वाध्याय
१. न्यूझीलंडमधील क्लोव्हरला बीज कमी का धरत असे?
२. राणीमाश्या इतका लांबचा प्रवास कशामुळे करू शकल्या?
३. ‘चोराच्या वाटा चोराला ठाऊक’ ही म्हण येथे कोणाला उद्देशून वापरली आहे व का?
४. तुमच्या परिसरातील एका फुलझाडाचे सकाळी निरीक्षण करा. त्यावर कोणते कीटक येतात व ते फुलात कसे शिरतात, ते दहा ओळींत लिहा.