राखणदाराला नावे ठाऊक असावीत

शास्त्रवाचन : उत्पत्ती 2:15-20, 4:9, गणना 6:24

एदेन बागेत मनुष्याला नेमून दिलेल्या कामासाठी मूळ इब्री शास्त्रात दोन क्रियापदे आहेत : ‘आबद’ आणि ‘शामर’. मराठीत आपण त्यांना मशागत व राखण म्हणतो. परंतु ‘आबद’ म्हणजे सेवा करणेही होय; देवाच्या उपासनेसाठी हाच शब्द येतो. ‘शामर’ याजकीय आशीर्वादात देवाच्या रक्षणाविषयी येतो, आणि काइनाने नाकारलेली भावाची राखणदारीही त्याच धातूची आहे. देव आपल्याला जसा राखतो, तशी आपण भूमीची आणि भावाची राखण करावयाची आहे.

या नेमणुकीनंतर थोड्याच वेळात देव पशुपक्षी आदामापुढे आणतो व आदाम त्यांना नावे देतो. तेथे वनस्पतींचा उल्लेख नाही. तरी हा क्रम बोधप्रद आहे. ज्याचे नावच ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला कळणार?

एका महाविद्यालयाचा कित्ता

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय येशूसंघाने 1869 साली स्थापन केले. तेथे स्विस धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1906 साली वनस्पतिसंग्रह सुरू केला. तो आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. रोप कागदात दाबून वाळवावयाचे, जाड कागदावर चिकटवावयाचे, आणि नाव, स्थळ, तारीख लिहून ठेवावयाची, असे हे साधे काम. पण शंभर वर्षांनी ‘हे झाड तेथे अजून आहे काय?’ असे विचारता येते ते याच नोंदींमुळे. ब्लॅटर व प्राध्यापक हालबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातील वनस्पतींचीही नोंद केली. त्यांच्या परंपरेतील फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1953 साली निघाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. 1967 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नाव हरवले की

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीजवळून द्रव्यवती नदी वाहते. कित्येक वर्षे लोक तिला अमानीशाहचा नाला म्हणत. जिला नाला म्हटले, तिच्यात सांडपाणी सोडताना कोणाचा हात कचरेल? 2018 साली तिच्या पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले, ते द्रव्यवती या जुन्या नावानेच. नाव परत आले म्हणजे पाणी निर्मळ झाले असे नव्हे. पण राखण तेथून सुरू होते.

2015 साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. घरातील माणसांची नावे आपल्याला पाठ असतात. मग अंगणातल्या झाडांची का नसावीत? महाविद्यालयात वा मंडळीत रोप लावून छायाचित्र काढणे सोपे आहे. त्याला नावाने ओळखून पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालणे, ही राखण.

मननासाठी

1. आपल्या मंदिराच्या आवारातील किती झाडांची नावे आपल्याला सांगता येतील?
2. राजस्थानातील खेजडी म्हणजेच आपली शमी. आपल्या गावात ती आज कोठे उभी आहे?
3. आपल्या परिसरातील कोणत्या ओढ्याचे नाव आपण विसरलो आहोत?