ट्रेलर सुटला तर? आपोआप लागणाऱ्या ब्रेकविषयी थोडे



भरलेला ट्रेलर चढावर पिन तुटून सुटला, की काय होते ते पाहू. ट्रेलर उसासह १० टनांचा धरला आणि रस्त्याला २० फुटांत १ फूट चढ असला, तर त्याला मागे सुमारे अर्ध्या टनाची ओढ असते. मागून बैलगाड्या, मोटारसायकली येत असतात. अशा वेळी पळत जाऊन चाकाखाली दगड टाकणारा माणूसच चाकाखाली सापडतो.

यासाठी काही ट्रेलरांना 'ब्रेकअवे' ब्रेक असतो. ट्रेलरच्या ब्रेकच्या लिव्हरपासून एक बारीक वायर ट्रॅक्टरला जोडलेली असते. ट्रेलर सुटला की वायर ताणते, लिव्हर ओढला जातो आणि ब्रेक लागतो. मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) वायर पिनेला किंवा साखळीला अडकवू नये. पिनेबरोबर वायरही निघून आली, तर ब्रेक लागणार कसा? ती ट्रॅक्टरच्या पक्क्या भागाला स्वतंत्र जोडावी.

२) वळणावर ताणणार नाही इतकी ढील ठेवावी, पण वायर जमिनीला घासू देऊ नये. घासून तुटलेली वायर असून नसल्यासारखीच.

३) हंगामापूर्वी सपाट जागी, रिकाम्या ट्रेलरवर परीक्षा घ्यावी. ट्रॅक्टर उभा असताना वायर हाताने ओढावी. मग कमी गिअरमध्ये ट्रॅक्टर हळू पुढे घ्यावा. ट्रेलर सहज ओढला गेला, तर ब्रेक दुरुस्त करावा. त्या वेळी मधे कोणी उभे राहू नये. नंतर लिव्हर पूर्ण सोडावा, नाहीतर ड्रम तापतो.

४) काट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रेलर उभा करायला हा ब्रेक वापरू नये. हवेच्या ब्रेकची हवा तासा-दोन तासांत गळून ब्रेक सुटू शकतो. चाकाखाली लाकडी ठोकळा हवाच.

आपल्याकडील पुष्कळ ट्रेलरांना स्वतःचा ब्रेकच नसतो. त्यांनी तर झिजलेली पिन ताबडतोब बदलावी, पिनेला खालून क्लिप घालावी, जाड साखळी बांधावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेणे बंद करावे.

ऊस एक दिवस उशिरा गाळला तर उतारा थोडा घटेल, पण गेलेला माणूस परत यायचा नाही. वाहन ठरवतानाच मालकाकडे पिन, साखळी आणि ब्रेक दाखवा म्हणून आग्रह धरावा, ही आम्ही सर्व सभासदांना विनंती करतो.