दारोदारची भेट आणि रविवारचा उपदेश
(पाळक व उपदेशक यांच्याकरिता पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय १३:१–२३, नहेम्या ८:१–८, १ करिंथ १४:६–१९, योहान १०:१–१६.

प्रिय बंधुभगिनींनो, जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत जे थोड्या साधनांनिशी प्रभूची सेवा करीत आहेत, त्यांच्याकरिता आजचा पाठ योजिला आहे. उपदेश कसा तयार करावा, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. आमचे उत्तर असे की, उपदेशाचा पाया पवित्र शास्त्र होय; परंतु तो तयार होतो ऐकणाऱ्याच्या दारी. हा धडा आम्हांस एका आजीबाईने शिकविला.

काही वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातील एका लहान मंडळीत आम्ही पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोललो. जमिनीचे चारही प्रकार क्रमाने सांगितले, मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही उलगडला. उपासना आटोपल्यावर ती वृद्ध भगिनी जवळ येऊन म्हणाली, “दादा, तुम्हनं सांगनं गोड शे, पन तो पेरनारा आसा कसा? वाटवर बी कोन टाकस?”

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे ज्वारी-बाजरी तिफणीने पेरतात. चाड्यावर धरलेल्या मुठीतून दाणा नळ्यांवाटे थेट तासात उतरतो. तो वाटेवर जाईल कसा? कपाशीचे बी तर हाताने एकेक टोबतात. म्हणून तो पेरणारा तिला एखादा निष्काळजी सालदार वाटला. पॅलेस्टाईनात त्या काळी बी मुठीने फेकून पेरीत आणि शेतांतून पायवाटा जात, एवढे आम्ही सांगितले असते तर पुरे होते. मग हेही सांगता आले असते की, आमचा प्रभू दाणे मोजून टोबीत नाही; तो वाटेवरच्या मातीलाही वगळीत नाही. परंतु तो सारा आठवडा आम्ही पुस्तकांत घालविला होता. एकाही शेताच्या बांधावर गेलो नव्हतो.

त्याच वर्षी याहून मोठी चूक आमच्या हातून घडली. मंडळीत तिसऱ्या ओळीत एक कुटुंब नित्य बसत असे. पावसाने ओढ दिली, कपाशी हातची गेली, दुकानदाराचे देणे थकले. दिवाळीनंतर त्यांची जागा रिकामी दिसली. चौकशी करता कळले की, मुकादमाकडून उचल घेऊन ती माणसे ऊसतोडीस गेली व मुलीची शाळा सुटली. संसाराची चिंता वचनाची वाढ खुंटविते, हे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले होते. पण ती चिंता आमच्यासमोरच बसली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. वैशाखात ती परतली तेव्हा आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या भावाने एवढेच विचारले, “आम्ही गेलो तेव्हा मंडळीत आमच्यासाठी प्रार्थना झाली होती का?” आम्हांस उत्तर देता आले नाही. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी कटाक्षाने पाळतो.

१. भेट. मेंढपाळ मेंढरांस नावाने ओळखतो, असे प्रभूने शिकविले. रविवारचा शास्त्रभाग सोमवारीच निवडावा, आणि तो मनात घोळवीत घरोघर जावे. ओसरीवर बसावे, आधी ऐकावे, मग बोलावे. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचे बैल विकले गेले, कोणाची लेक आखाजीला माहेरी येऊ शकली नाही, हे ज्यास कळले, त्यास दृष्टांत शोधावा लागत नाही. मात्र घरात विश्वासाने सांगितलेली गोष्ट व्यासपीठावरून बोलू नये. तसे एकदा झाले की ते दार कायमचे बंद होते.

२. भाषा. एज्राच्या दिवसांत लेव्यांनी नियमशास्त्र नुसते वाचले नाही. लोकांना समजेल असा अर्थ करून सांगितला. पौल प्रेषितासही न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच अधिक मोलाचे वाटले. साक्री-शिंदखेड्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी भिलांच्या व पावऱ्यांच्या बोली. वचन मराठीत वाचावे, अर्थ बोलीत सांगावा. यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाई संस्कृतच्या जाणत्या विदुषी. तरी हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या माणसास कळेल अशा मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या १९२२ साली प्रभूकडे गेल्या. ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. आणि आमच्याच जिल्ह्यात, जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. तरी शेत, जाते व पाखरू यांच्याच शब्दांत त्या जीवनाचे गूढ बोलल्या. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. खोल विचारास अवघड शब्द लागतातच असे नाही, हे या दोघींनी दाखवून दिले आहे.

३. एक शिदोरी. दिवसभर निंदणी करून थकलेला माणूस सात मुद्दे घरी नेऊ शकत नाही. त्यास एकच गोष्ट द्यावी, पण ती आठवडाभर पुरेल अशी द्यावी. उपासनेनंतर एखाद्या लहान मुलास विचारून पाहावे, “आज काय ऐकलेस?” त्यास सांगता आले नाही, तर दोष मुलाचा मानू नये.

मनन करण्याकरिता प्रश्न :
(अ) गेल्या महिन्यात मंडळीतील कोणत्या घरी आपण गेलो नाही? का गेलो नाही?
(आ) बाहेरगावी मजुरीस गेलेल्या कुटुंबांची नावे घेऊन आपली मंडळी प्रार्थना करते काय?
(इ) येत्या रविवारचा उपदेश आपण एका वाक्यात, घरच्या बोलीत, सांगू शकू काय?

बंधूंनो, यंदाही दिवाळीनंतर काही जागा रिकाम्या होतील. जी माणसे जातील, त्यांच्या गाडीजवळ आपण उभे असावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि ती कोणत्या गावी उतरणार हे लिहून घ्यावे. मग ती परत आल्यावर जो प्रश्न आम्हांस विचारण्यात आला, त्याचे उत्तर आपणांस देता येईल. प्रभू आपणांस तशी कृपा देवो. आमेन.