गेमिंग कॉम्प्युटरची रॅम : एक मोठी की दोन लहान?



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील शाळेच्या गेटवर भेटले. पोरगं आता आठवीत आहे. "सर, गेमचा कॉम्प्युटर पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. ४० हजाराच्या वर माझी उडी नाही. दुकानदार म्हणतोय १६ जीबीची एकच पट्टी घाला. घालू का?" माणूस इचलकरंजीला मागावर कामाला आहे. हे पैसे कसे साठवले असतील ते सांगायला नको. त्यांना गेटवर उभ्या उभ्या जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी रॅम म्हणजे काय? वर्गातला फळा. एसएसडी म्हणजे वही. वहीतलं टिकतं; फळ्यावरचं तास संपला की पुसलं जातं, तसं वीज गेली की रॅम कोरी. फळा लहान असेल तर अर्धं पुसून पुढचं लिहावं लागतं. रॅम भरली की विंडोज तेच करतं, काही मजकूर एसएसडीवर हलवतं, आणि एसएसडी रॅमपेक्षा खूप सावकाश असते. गेम मधेच अडखळतो, त्याचं एक कारण हे.

आता ४० हजारात बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. मग रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घेतात, जो चित्रही स्वतःच काढतो. पण त्याला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते. तो आपल्याच फळ्याचा कोपरा घेतो. ८ जीबीतले २ त्याला दिले की उरले ६. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागतात असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. जीटीए फाइव्हच्या जुन्या पीसी आवृत्तीसाठी ८ जीबीची शिफारस आहे, पण ती ग्राफिक्स कार्डाची मेमरी वेगळी धरून. (हा गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, पालकांनी एवढं लक्षात ठेवावं.) म्हणून १६ जीबी घ्या. ३२ ची या बजेटमध्ये गरज नाही.

पण १६ ची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. गळीत हंगामात आपल्या शिरोळ तालुक्यात कारखान्यापुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. यार्ड कितीही मोठं असू दे, वजनकाटा एकच चालू असेल तर रांग हलत नाही. जीबी म्हणजे यार्ड. पट्टी ज्या मार्गाने प्रोसेसरशी बोलते तो चॅनेल म्हणजे काटा. ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा ८-८ बाइट देते, म्हणजे २५.६ जीबी. दोन चॅनेलवर दोन पट्ट्या म्हणजे ५१.२. चित्र काढणारा भाग सतत याच रांगेत उभा असतो, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र एका पट्टीने एवढं बिघडत नाही. दुकानदाराचं म्हणणं पुढं रॅम वाढवायच्या सोयीचं आहे, तेही खोटं नाही. दोनच स्लॉटचा मदरबोर्ड दोन पट्ट्यांनी भरून जातो. तरी आज खेळायचंय ते आज नीट चालू दे. स्लॉट चार असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा, ही जोडी बहुतेक बोर्डांवर वापरतात.

पट्टीवर ‘सीएल’ असा आकडाही असतो. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल १६ चं येतं १०, आणि ३६०० सीएल १८ चंही १०! ३२०० सीएल २२ चं १३.७५. जेवढं कमी तेवढं बरं. आठवीच्या मुलाकडूनच हे गणित करून घ्या, गेमसाठी असल्यावर लगेच सोडवतात.

माझी फजिती सांगतो. मी घरी ३२०० सीएल १६ ची जोडी आणली आणि सात महिने २४०० वरच चालवली. अशा पट्ट्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय पूर्ण वेगाने चालत नाहीत, हे दुकानात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. वेग आणि किती स्लॉट भरलेत, दोन्ही तिथं दिसतं. पैसे देण्याआधी दुकानातच बघा.

डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही. दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांनी गेम पळत नाही. आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे जगभर रॅमचे भाव भडकले, त्यामुळे जुनं कोटेशन धरून बसू नका.

त्या वडिलांनी बिलावर "८ + ८" असं लिहूनच घेतलं. परवा पोराने टास्क मॅनेजरचा फोटो पाठवला : वेग ३२००, स्लॉट २ पैकी २. खाली विचारलंय, "सर, ३६०० करता येईल का?"