ओल्या थंडीचा हिशेब

फौजेत असताना लडाखमधला माझा पहिला हिवाळा. संध्याकाळी उस्तादांनी आम्हा नव्या पोरांना बोलावून एक बाटली दाखवली. सीलबंद पाण्याची, प्लास्टिकची, तीन-चार तास बाहेर दगडावर ठेवलेली. पारा उणे 10 च्या आसपास होता, तरी बाटली तिरकी केली की आतलं पाणी इकडून तिकडे सरकत होतं. उस्तादांनी ती लोखंडी पेटीवर एकदा आपटली. टोपणापासून पांढरी रेघ खाली धावली आणि दोन-तीन सेकंदांत सगळी बाटली दुधासारखी झाली.

"पानी कब जमा?" त्यांनी विचारलं.

"अभी, उस्ताद."

"नहीं. जमने लायक तो कब का हो चुका था."

त्या वाक्याचा खरा अर्थ मला चौदा वर्षांनी कळला. तोही लडाखमध्ये नाही, चिखली तालुक्यातल्या माझ्या स्वतःच्या शेतात, हरभऱ्याचं ओलीत करताना.

शून्य अंशाला पाण्याचा बर्फ होतो असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. बर्फ शून्याला वितळतो हे पक्कं, पण पाणी गोठायला कुठून तरी सुरुवात व्हावी लागते: धुळीचा कण, भांड्याच्या आतला ओरखडा, बर्फाचा एखादा खडा. असं काही मिळालं नाही तर स्वच्छ पाणी शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतं. ज्याच्या नावाचा तापमापक आपण वापरतो त्या फॅरेनहाइटने 1724 सालीच हे लिहून ठेवलं आहे. ढगातले बारीक थेंब तर उणे 38 अंशांपर्यंत तसेच द्रवरूप राहू शकतात. याला अतिशीत पाणी म्हणतात. आपल्या जिल्ह्याने त्याचा मार खाल्लेला आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये जालना-बुलढाण्याकडे जी गारपीट झाली आणि उभा गहू-हरभरा झोपवून गेली, ती गार अशाच पाण्याची होती. ढगात अतिशीत थेंब बर्फाच्या कणावर आदळतात, आदळताच गोठतात, आणि थरावर थर चढून गार होते.

उस्तादांनी ती बाटली आमच्या हातात दिली होती. दाबली तर कडक नव्हती, बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखी मऊ होती. एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. त्यामुळे उणे 8 अंशांचं पाणी एकदम गोठलं तरी त्याचा जेमतेम दहावा हिस्सा बर्फ होतो. तेवढ्यात सुटलेल्या उष्णतेने सगळी बाटली पुन्हा शून्यावर येते. गोठणारं पाणी ऊब देतं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं. वाळणारं पाणी किती ऊब नेतं, हे मात्र मी विचारलं नव्हतं.

फौजेत मला थंडीने कधी धरलं नाही. त्याचं श्रेय माझ्या अंगापेक्षा तिथल्या शिस्तीला आहे. उंचीवर गेल्यावर पहिले सहा दिवस नुसते शरीर रुळायला दिलेले. उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही. मोजे ओले झाले की काम थांबवून आधी मोजे बदलायचे. प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार. त्याच्या नाकावर, गालावर पांढरा डाग दिसतो का हे मी पाहायचं आणि माझं त्याने. उणे 20 मध्ये पहारे केले आणि दहाही बोटं घेऊन घरी आलो. त्यामुळे गावाकडच्या थंडीला मी थंडी मानायलाच तयार नव्हतो.

आमच्याकडे शेतीची लाईट आलटून पालटून येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. डिसेंबरातली ती रात्रपाळी होती. पारा आठ-नऊ असेल. अंगात सुती शर्ट, वर हाफ स्वेटर, पायात चप्पल. साडेअकराच्या सुमारास स्प्रिंकलरच्या पाइपाचा जोड सुटला आणि मी छातीपर्यंत भिजलो. घर दीड किलोमीटरवर. आता लाईट आहे तर पाळी उरकून घेऊ असं ठरवून मी तसाच पाइप बदलत राहिलो. उत्तरेचा वारा होता.

तासाभराने दात वाजायला लागले. त्यानंतर हात ऐकेनात. जोडाची कडी लावताना ती चार वेळा निसटली. मला राग येत होता, कडीवर आणि पाइपवर. मग कुडकुडणं थांबलं. मला वाटलं, अंग तापलं, आता बरं वाटतंय. आज सांगतो, त्या रात्रीतला सगळ्यात वाईट क्षण तोच होता. शरीराचं तापमान 35 च्या खाली उतरलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि ते आणखी खाली घसरलं की कुडकुडायची ताकदही संपते. बाहेरून सगळं शांत दिसतं, त्या बाटलीतल्या पाण्यासारखं.

नशिबाने बायकोचा फोन आला. मी काय बोललो ते मला आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही असे काहून बोलून रायले?" आणि तिने पोराला उठवलं.

तो येईपर्यंत मी झोपडीजवळ शेकोटी पेटवून तळपाय जाळाला लावून बसलो होतो. पाय बधिर होते, चटका कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांवर रुपयाएवढे फोड होते. पोराने मला ओल्या कपड्यांनीच मोटारसायकलवर बसवलं, आणि दीड किलोमीटरचा वारा पुन्हा अंगावर घेत आम्ही घरी आलो. घरी थर्मामीटर लावला. काचेच्या थर्मामीटरची पट्टी 35 पासून सुरू होते. पारा वर चढलाच नाही. "ताप नाही," म्हणून सगळे निर्धास्त झाले. शेजारच्या काकांनी माझे हात पाहिले, आवाज ऐकला आणि जीप काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तासभर पांघरुणात राहूनही तापमान 34 च्या आत होतं.

उणे 20 ने जे केलं नाही ते अधिक 8 ने केलं. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढतं. आणि ओला शर्ट वाऱ्यावर वाळतो तेव्हा दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे 580 कॅलरी जातात. गोठताना पाणी परत देतं त्याच्या सातपट. लडाखची थंडी कोरडी होती आणि मी कोरडा होतो. शेतात मी स्वतःलाच गार करायला ठेवलं होतं.

म्हणून रात्री ओलीत करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. जाड स्वेटरपेक्षा सुक्या कपड्यांचा दुसरा जोड महत्त्वाचा. पँट, शर्ट, मोजे, कानटोपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून झोपडीत टांगून ठेवा. गमबूट घाला, साप-विंचवासाठीही ते हवेतच. भिजलात की पाळी सोडा, आधी कपडे बदला. रात्री एकटे जाणं टळत नसेल तर घरच्या माणसाने दर तासाला फोन करायचा, आणि नुसतं "झालं का?" विचारायचं नाही, दोन वाक्यं बोलायला लावायची. जीभ जड वाटली, बोलणं तुटक आलं, उगाच चिडचिड दिसली की निघायचं.

असा माणूस सापडला तर ओले कपडे काढा, कोरडं जे हाती लागेल त्यात गुंडाळा, पोतं चालेल, चवाळं चालेल, पण डोकं झाका. खाली जमिनीवरही काहीतरी अंथरा. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर गोड चहा द्या. नसेल तर तोंडात काहीही घालू नका. हातपाय चोळू नका, बधिर पाय जाळाला लावू नका. दारू देऊ नका. तिने कातडीकडचं रक्त वाढून गरम वाटतं, आणि त्याच वाटेने आतली ऊब बाहेर जाते. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. मोटारसायकलवर बसवू नका, 108 ला फोन करा किंवा जीप मागवा. आणि फार गार पडलेल्या माणसाला उचलताना जपून, आडवं ठेवून उचला. अशा वेळी हृदय इतकं नाजूक झालेलं असतं की एका हिसक्याने त्याची लय बिघडू शकते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला पेटीवर आपटलेली बाटली आठवली.

आता पिकाचं. मी त्या रात्री पाणी का देत होतो, याचंही कारण थंडीच होतं. हवेचा पारा तीन-चार दाखवत असतो तेव्हा उघड्या आकाशाखालचं पान शून्याला टेकलेलं असू शकतं. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली. अशा रात्री खोलगट रानात दव गोठतं आणि तुरीचा फुलोरा काळा पडतो. पानातलं पाणीही शून्याखाली काही काळ तग धरतं, पण पानावरचे काही जिवाणू उणे दोनलाच त्याला गोठायला सुरुवात करून देतात. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते, म्हणून पाणी देण्यात अर्थ आहेच. पण ते शक्यतो आदल्या दिवशी, उजेडात द्यावं. दिवसा वीज मागणं हा म्हणूनच माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो मी प्रत्येक ग्रामसभेत मांडतो.

सकाळी चिखली रोडवर भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. आपल्याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते 21 ऑक्टोबर 2023 ला सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. त्या नावाने ही पोरं अजून गप्प होतात. त्यांना मी एकच गोष्ट परत परत सांगतो. तिथे त्रास लपवू नका. डोकं दुखतंय, बोट बधिर आहे, झोप लागत नाही, हे बडीला लगेच सांगा. सांगणारा कच्चा ठरत नाही. बोट गोठलं तर चोळायचं नाही, पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तिथे वितळवायचंही नाही. मुक्कामी पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात ठेवायचं. विमानाने थेट लेहला फिरायला जाणाऱ्यांनाही सांगतो, ते गाव साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस खोलीत पडून राहा.

या आठवड्यात आमच्याकडे परत रात्रपाळी आहे. गव्हाचं दुसरं पाणी, पोराची पाळी. झोपडीच्या खुंटीवर पिशवी आहे, मी दुपारी जाऊन आतले मोजे कोरडे आहेत का ते हाताने पाहून आलो. पहिला फोन बाराला करायचा आहे.