लाल आकडा कागदावर काळाच उमटतो

तोट्याच्या आकड्याला कंस घालायचा की नुसता लाल रंग द्यायचा, ही सजावटीची बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी मुलुंडचा, छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि एमआयएस करतो. मरोळच्या एका कारखान्याची कॅश क्रेडिट लिमिट रिन्यू व्हायची होती. तिमाहीवार नफा-तोट्याचा एक्सेल चार्ट मी करून दिला. तोटा कंसात, टक्केही कंसात. मालकांच्या पुतण्याला कंस जुनाट वाटले. मला न विचारता त्याने चार्टवरची लेबलं बदलली. एक्सेलच्या तयार यादीत लाल रंगाचा एक पर्याय असा आहे, की त्यात उण्याची खूणही नसते आणि कंसही नसतो. त्याने नेमका तोच घेतला. वर ‘इन्व्हर्ट इफ निगेटिव्ह’ चालू केलं, त्यामुळे तोट्याचा खांब पांढरा झाला. मग सगळं काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापलं.

बँकेत मॅनेजरबाईंनी कागदावर बोट ठेवून विचारलं, “इथे १८,४०,००० दिसतायत, खांब नाही. हा नफा समजायचा का? मग तुमच्या स्टेटमेंटमध्ये तोटा कसा?” मालक माझ्याकडे वळून म्हणाले, “आकडे यांचे आहेत.” बाईंचा प्रश्न रास्तच होता, पण मालकांचं ते वाक्य मला अजून सलतं. मी तिथेच लॅपटॉप उघडून फाइल दाखवली. सेलमध्ये कंस जसेच्या तसे होते. लेबलच्या नंबर फॉरमॅटमध्ये मात्र ‘लिंक्ड टू सोर्स’ची खूण काढलेली होती. ती निघाली की सेल एक बोलतो आणि चार्ट दुसरंच. पुतण्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

म्हणून सांगतो: रंग हवा तर जरूर द्या, पण उणे किंवा कंस काढू नका. कस्टम फॉरमॅटमध्ये अर्धविरामाने चार कप्पे पडतात, धन, ऋण, शून्य आणि मजकूर. ऋणाचा कप्पा स्वतः लिहा. चार्टच्या अॅक्सिसची लेबलं ‘लो’वर ठेवा, नाहीतर ती तोट्याच्या खांबांवर चढतात.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसाठी सगळीकडे फिरणारा तो अटींचा फॉरमॅट तर हमखास फसवतो. त्यात कोटी आणि लाख अशा दोनच अटी बसतात, त्याही धन आकड्यांच्या. ऋण आकडा उरलेल्या कप्प्यात पडतो. मग शेजारी नफा २२,१०,००० आणि तोटा -१,८४०,०००! तोट्याच्या सेलना ऋण अटींचा वेगळा फॉरमॅट द्यावा लागतो. विंडोजचं रीजन भारत करून काम भागतं, पण फक्त तुमच्या मशीनवर. फाइल अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर उघडली की पुन्हा मिलियन.

उणे रुपयाच्या चिन्हाच्या आधी लावायचं की नंतर, हे एकदा ठरवा आणि फाइलभर तेच ठेवा. कंपनी कायद्याची अनुसूची ३ हिशेबपत्रकांत एकच एकक वापरायला सांगते. चार्टलाही तेच असू द्या.

टक्क्यांत आणखी एक खड्डा आहे. मागच्या तिमाहीत २ लाख तोटा, या तिमाहीत १ लाख नफा. सूत्र उत्तर देतं -१५०%. कारखाना सावरला आणि चार्ट सांगतो बुडाला! पाया ऋण असेल तिथे टक्का छापूच नका, ‘लागू नाही’ लिहा आणि रुपयांतला फरक द्या.

बॅकअप ठेवा, फाइलला तारीख घाला, हे वेगळं सांगायला नको. छापण्याआधी एक काळी-पांढरी प्रत मात्र काढून बघाच. मी आता फाइलसोबत पीडीएफ पाठवतो आणि बँकेत तीच द्यायची असं ईमेलमध्ये लिहून घेतो. त्या मालकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, तोही नवीन प्रिंट कधी देता एवढंच विचारायला.