दाढ काढायच्या आधी

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या केमोबरोबर माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, दर तीन आठवड्यांनी बेव्हॅसिझुमॅबचं सलाइन लागायचं. घरात त्याचं नाव 'दुसरी बाटली'. केस गेले, उलट्या झाल्या त्या केमोनं. ही बाटली सगळ्यांना गरीब वाटायची. अशातच दाढ दुखायला लागली. दंतवैद्यांनी रीतसर विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" नव्हती. दाढ निघाली, पण खळगा भरेचना. कडा पांढरट, मधोमध हाड उघडं, आणि अण्णा पेजेवर. पुढची बाटलीही लांबली. कारण त्या बाटलीतच होतं.

कॅन्सरच्या गाठीला काही मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या वाहिन्यांना नवे फुटवे येतात. बेव्हॅसिझुमॅब नेमकं ते प्रथिन अडवतं. पण जखम भरायलाही तेच फुटवे लागतात, आणि औषधाला गाठ कुठली, हिरडी कुठली, कळत नाही. अंगातलं औषध निम्म्यावर यायलाच सुमारे २० दिवस जातात. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ते किमान २८ दिवस बंद ठेवतात.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नापुरतं उत्तर देऊन थांबू नका. औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटातच असू द्या. बीपी घरी मोजा. अण्णांचं चढलं होतं तेव्हा त्यांना कणभरही जाणवलं नव्हतं. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी चुकवू नका. थुंकीतून अर्धा चमचा जरी लाल रक्त पडलं, तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशा रक्तस्रावाच्या धास्तीनंच फुप्फुसाच्या स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरमध्ये हे औषध देत नाहीत.

एका नातेवाइकांनी कुठूनसं वाचून आणलं की, गाठीत वाहिन्या दाट तर आयुष्य कमी. बऱ्याच अभ्यासांत तसं दिसलंय खरं. पण ही मोजणी प्रयोगशाळेगणिक बदलते, आणि उपचार काही तिच्यावर ठरत नाहीत. डॉक्टर बघतात ते आजाराचा टप्पा, पेशींचा प्रकार, ईजीएफआर-एएलके या जनुकांचे रिपोर्ट आणि माणूस किती हिंडता-फिरता आहे ते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत केमोला या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य १०.३ महिन्यांवरून १२.३ वर गेलं. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. हे कोणी फोड करून सांगत नाही, विचारून घ्यावं लागतं.

अण्णांनी आकडा ऐकून घेतला आणि विचारलं, "ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत उभा राहीन ना?" डॉक्टर म्हणाले, "खुर्ची टाकून बसा. कात्री मात्र मुलाकडे."